नांदूर मधमेश्वरचं तळं आणि आपला नळ

गेल्या जानेवारीत रौप्यमहोत्सवी वर्षाची पहिली सहल म्हणून आपण नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. दोन मिनीबस, पोह्यांचे डबे, तीन दुर्बिणी आणि त्या तिन्हींवर मुलांची मारामारी. चापडगावच्या मनोऱ्यावर उभं असताना बी विंगमधल्या एका चिमुरडीनं मला विचारलं, "आजोबा, हे तळं देवानं केलं का माणसानं?" मी म्हणालो, "माणसानं. पण तळं करायचं म्हणून नव्हे." तेवढ्यात कुणीतरी "तो बघा चित्रबलाक!" म्हणून ओरडलं आणि ती पळाली. माझं उत्तर अर्धंच राहिलं. स्मरणिकेच्या संपादक मंडळानं "तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा ठरवलं की ते उत्तरच पुरं करावं. आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास सेक्रेटरींनी दुसऱ्या लेखात लिहिलाच आहे. हा त्याच्या आधीचा, थोडा लांबचा इतिहास समजा.

लांबचा म्हटलं तरी तो आपल्या गेटपासूनच सुरू होतो. आपलं नाशिकरोड हे गावच मुळी रेल्वेनं वसवलेलं. जीआयपी रेल्वेनं मुंबईहून भुसावळकडे लोहमार्ग नेला तेव्हा गोदावरीकाठचं जुनं शहर आठ-नऊ किलोमीटर बाजूला राहिलं. इगतपुरीच्या अलीकडचा थळघाट पोखरून, तेरा बोगदे पाडून, 1865 साली घाटाखालचा आणि घाटावरचा मार्ग जोडला गेला आणि मुंबईची गाडी थेट आपल्या दारात आली. स्टेशन इथं, शहर तिथं. म्हणून पुढे मधे ट्राम धावली, आधी घोड्यांची. चाळीसेक वर्षं चालून ती तोट्यात बंद पडली. मग 1920 च्या दशकात दोन्ही प्रेस आले आणि प्रेसच्या वसाहतींभोवती वस्ती वाढली. 1982 साली नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका महापालिकेत विलीन झाली. हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, कारण निम्म्या सोसायटीची पेन्शन प्रेसची किंवा रेल्वेची आहे. माझी रेल्वेची. पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं काढली. द्राक्षांच्या पेट्या आणि कांद्याच्या गोण्या यांचा वास अजून नाकातून जात नाही.

पण माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते पाण्याचे. ते गोदावरी कालव्यावर पाटकरी होते. आजच्या मुलांना हा शब्द सांगावा लागेल. कालव्यातून चारी निघते, चारीतून पोटचारी, पोटचारीवर मोगा आणि मोग्यातून शेतात पाणी. कुणाच्या शेतात, कुठल्या दिवशी, किती तास पाणी जायचं याची शेजपाळी ठरलेली असते. ती शेजपाळी अमलात आणणारा, रात्री कंदील घेऊन कालव्याच्या भरावावरून चालणारा माणूस म्हणजे पाटकरी. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं तो देवही आणि चोरही. आवर्तन चालू असताना दादांना घरी झोपलेलं मी क्वचितच पाहिलं. 1966 साली त्यांची बदली नांदूर मधमेश्वरला झाली आणि आम्ही त्या तळ्याकाठी राहायला गेलो. तेव्हा त्याला कुणी अभयारण्य म्हणत नव्हतं. सगळे "धरण" म्हणायचे. दादा मात्र दुरुस्त करायचे, "धरण नव्हे, बंधारा."

हा फरक महत्त्वाचा आहे. दादांनी तो मला एकदा पितळी परातीत पाणी ओतून समजावला होता. धरण पाणी साठवतं. नांदूरचा बंधारा साठवणीसाठी बांधलेलाच नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नदीला आडवी भिंत घातली, ती पाण्याची पातळी उचलण्यासाठी. पातळी उचलली की पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांत आपसूक शिरतं. इंजिनिअर त्याला पिकअप वेअर म्हणतात. साठवण वर, सह्याद्रीच्या कुशीत, जिथं पाऊस पडतो तिथं. इगतपुरी तालुक्यात नांदगाव बुद्रुकजवळचं दारणा धरण 1916 साली पुरं झालं. जुन्या नकाशांत त्या जलाशयाचं नाव लेक बील असं सापडतं. दारणेतून सोडलेलं पाणी नदीनंच वाहत देवळालीवरून, आपल्या चेहेडीवरून गोदावरीला मिळतं आणि खाली नांदूरला येऊन थांबतं. तिथून डावा कालवा सुमारे 90 किलोमीटर आणि उजवा सुमारे 110 किलोमीटर. निफाड, येवला, सिन्नरचा काही भाग आणि मग नगर जिल्ह्यातलं कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर.

म्हणजे नदी हाच वरचा कालवा. आणि त्या वरच्या कालव्याच्या काठावर आपण राहतो.

हे सगळं बांधलं का? दुष्काळामुळे. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खननं हाडामासात भोगला. त्यावर सरकारचं पहिलं उत्तर होतं रेल्वे. धान्य जिथं आहे तिथून जिथं नाही तिथं नेता आलं की माणसं मरणार नाहीत, असा हिशेब. मनमाड-दौंड मार्ग 1878 साली सुरू झाला तो त्याच काळातला. येवला, कोपरगाव, पुणतांबा, बेलापूर ही स्टेशनं त्याच मार्गावरची. पण 1896-97 आणि त्यापाठोपाठ 1899-1900 चे दुष्काळ आले तेव्हा कळलं की गाडीतून धान्य येतं, पण ते विकत घ्यायला शेतकऱ्याच्या कनवटीला पैसा नसतो. मग 1901 साली सिंचन आयोग नेमला गेला आणि दख्खनच्या कालव्यांना जोर आला. नांदूरचं काम 1907 च्या सुमारास सुरू झालं. आधी रेल्वे, मग कालवा, असा क्रम. आमच्या घरात तो उलटा झाला, आधी कालवा, मग रेल्वे. दादांना त्याची गंमत वाटायची.

कालवे झाले आणि एक विचित्र गोष्ट घडली. पाणी होतं, पण घेणारे नव्हते. बरा पाऊस झाला की बाजरी-ज्वारीवाला शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी कशाला घेईल? आणि पाऊस नाही झाला की सगळ्यांना एकदम हवं. अशा गिऱ्हाइकावर कालव्याचा खर्च कसा निघणार? म्हणून बारमाही पीक हवं झालं आणि ते म्हणजे ऊस. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर आखलेली ब्लॉक पद्धत इकडेही आली. शेतकऱ्यानं जमिनीचा ठरावीक तुकडा काही वर्षांसाठी नोंदवायचा, त्यातल्या एका भागात ऊस, बाकीच्यात भुसार पिकं. सासवडकडचे माळी बागायतदार उसाचं ज्ञान घेऊन कोपरगावकडे आले. गूळ होऊ लागला आणि तो न्यायला रेल्वे आधीपासून तयार होतीच. साखरेला संरक्षण देणारा कायदा 1932 साली झाल्यावर कारखान्यांना बळ आलं. कोपरगावजवळ साकरवाडी, लक्ष्मीवाडी ही नावंच बघा. बेलापूर रोड नावाच्या स्टेशनाभोवती बाजारपेठ उभी राहिली, तिचं श्रीरामपूर झालं. कालवा आणि लोहमार्ग जिथं एकमेकांजवळ आले तिथं गावांची शहरं झाली, हे नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात डोळ्यांनी दिसतं.

पुढचा इतिहास सहकाराचा. प्रवरानगरचा कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, मग गावोगावचे सहकारी कारखाने. एक गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. हे साखर कारखाने ज्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 खाली चालतात, त्याच कायद्याखाली आपली हाउसिंग सोसायटी नोंदलेली आहे. वार्षिक सभेत पार्किंगवरून जे रणकंदन होतं त्याचं कूळ किती थोर आहे बघा!

आता तळ्याकाठच्या गावांकडे येतो, कारण खरं सांगायचं ते तिथलं आहे. नांदूर मधमेश्वर, खानगाव थडी, चापडगाव, मांजरगाव, कोठुरे. या गावांच्या दारात पाणी उभं राहिलं, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं. जे पाणी कोपरगावचा ऊस पिकवायला निघालं होतं ते यांच्या शिवारात नुसतं विसावा घ्यायचं. रेल्वेही त्यांना चुकवूनच गेलेली. नाशिकरोड सोडलं की गोदावरी ओलांडून गाडी खेरवाडी, कसबे सुकेणे करत निफाडला जाते. तळ्याकाठच्या गावांना स्टेशन म्हणजे निफाड, तेही बैलगाडीनं गाठायचं. म्हणजे या गावांना घडवलं कालव्यानं आणि रेल्वेनंच, पण दोन्हींच्या हिशेबात ती नव्हती.

1972 सालचं एक सांगतो. त्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. विहिरींनी तळ गाठले होते. खडी फोडण्याच्या कामावर आमच्या शेजारची अर्धी आळी जात होती. बंधाऱ्यात मात्र पाणी होतं, दारणेतून आलेलं, खाली पिण्यासाठी राखलेलं. टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत ते पोचवायचं अशी सक्त ताकीद. आमच्या शेजारी एक अण्णा राहायचे. नात्यानं कुणी नव्हेत, पण मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्यांचं रान अगदी पाण्याला लागून. त्यांनी एका रात्री ऑइल इंजिन लावलं आणि जळून चाललेल्या मकवानाला पाणी घेतलं. मकवान गुरांसाठी होतं, विकायला नव्हे. दादांना इंजिनाचा आवाज आला. ते गेले आणि इंजिनाचा पट्टा काढून घेऊन आले.

सकाळी अण्णा आमच्या दारात उभे. भांडायला आले नव्हते. एवढंच म्हणाले, "पाटकरी, पाणी दारात आन् गुरांचा घसा कोरडा. हा कुठला कायदा?"

दादा म्हणाले, "अण्णा, टेलला माणसांचा घसा कोरडा आहे."

दोघंही खरं बोलत होते. तो पट्टा आठ दिवस आमच्या घरात खुंटीला टांगलेला होता. आई त्याच्याकडे बघायची नाही. मकवान वाळलं. अण्णांनी दोन बैल बाजारात नेले. त्यानंतर त्या घराशी आमचं बोलणं जवळजवळ संपलंच, आणि पुढच्या वर्षी दादांनी स्वतःहून बदली मागून घेतली. नोकरीत त्यांनी काही चूक केली असं मला आजही वाटत नाही. अण्णांनी केली असंही वाटत नाही.

हे सगळं मी उगाच उगाळत नाही. आपल्या सोसायटीत, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, दर वर्षा-दोन वर्षांनी एक वाक्य येतं: "आपलं पाणी खाली सोडलं!" नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली की ते हमखास येतं. पैठणचं जायकवाडी 1976 चं. 2005 च्या कायद्यानं वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायी वाटप आलं आणि तेव्हापासून नाशिक-नगर एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला, असा वाद कोर्टापर्यंत गेला. त्यात कुणाचं किती बरोबर हे ठरवण्याइतका मी मोठा नाही. पण दारणेचं पाणी "आपलं" म्हणताना जीभ थोडी अडखळावी असं मला वाटतं. दारणा धरणात साधारण सात टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2832 कोटी लिटर. ते बांधलं गेलं तेव्हा त्याच्या यादीत निफाड होतं, कोपरगाव होतं. नाशिकरोड नव्हतं, कारण नाशिकरोड तेव्हा स्टेशन आणि चार बराकी. आपण नंतर आलो. नदीनं खाली चाललेल्या त्या पाण्यात चेहेडीला बंधारा घालून आपली वाटी बुडवली. आता शहराला गंगापूर आणि मुकणेचंही पाणी येतं, पण आपल्या भागाच्या नळांनी वर्षानुवर्षं दारणाच प्यायली आहे. आवर्तन चालू असलं की नदी भरून वाहते आणि पाणी चांगलं येतं. आवर्तन थांबलं की उन्हाळ्यात चेहेडीला काय उरतं ते सगळ्या गृहिणींना माहीत आहे. म्हणजे कोपरगावचा ऊस तहानला की आपला नळ सुधारतो! अण्णांचं इंजिन आणि आपली टाकी यांत फरक एवढाच की आपल्याला परवानगी मिळाली.

बंधाऱ्याचं पुढं काय झालं ते मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हतं. नदी अडली की तिचा वेग मोडतो आणि वेग मोडला की ती आणलेला गाळ तिथंच टाकते. साठ-सत्तर वर्षांत इतका गाळ साठला की पाण्यात बेटं तयार झाली, उथळ दलदल झाली, पाणकणीस आणि पाणगवत माजलं. इंजिनिअरच्या नजरेनं हे नुकसान, कारण बंधाऱ्याची साठवण घटली. पण उथळ पाणी, चिखल आणि गवत म्हणजे पाणपक्ष्यांचं ताटच वाढून ठेवलेलं. चक्रवाक, थापट्या यांच्यासारखे हिवाळी पाहुणे येऊ लागले. हळदी-कुंकू बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर तिथल्याच झाल्या. माझ्या लहानपणी आम्ही त्यांना नुसती "पाखरं" म्हणायचो आणि गव्हावर उतरली की डबे वाजवून हाकलायचो. डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे उघडले. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी 2020 मध्ये बातमी आली की नांदूर मधमेश्वर रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. इराणमधल्या रामसर गावी 1971 साली पाणथळ जागा जपण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी. तिथं 536 प्रजातींची नोंद आहे आणि त्यांत देवळाली मिन्नो नावाचा एक चिमुकला मासा आहे, जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आलेला. आपल्या देवळालीच्या नावाचा मासा! बस नंबर बघून देवळालीला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होतं?

पण गाळाचं दुखणं संपलेलं नाही. पूर आला की बंधाऱ्याचा फुगवटा मागे सरकतो आणि चांदोरी, सायखेड्यात पाणी शिरतं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधले फोटो आपण पाहिलेत, सायखेड्याचा पूल आणि त्याला घासून जाणारं ते लाल पाणी. तिथले लोक म्हणतात गाळ काढा. पक्षीमित्र म्हणतात गाळ काढला तर तळ्याचा प्राण जाईल. शिवाय पाणवेली आहेतच, शहराचं सांडपाणी खाली जातं त्यावर पोसलेल्या. ते सांडपाणी कुणाचं हे सांगायची गरज नाही. आपण वरून दोन गोष्टी करतो. पाणी घेतो आणि घाण सोडतो. तळं दोन्हींचा हिशेब ठेवतं.

गाळ काढावा की ठेवावा, यावर माझं मत विचाराल तर सांगतो. कुठला गाळ आणि किती, हे मोजून ठरवावं. सगळा काढायचा किंवा काहीच नाही, हे दोन्ही मला पटत नाही. सायखेड्यातल्या माणसाच्या घरात कमरेएवढं पाणी आलेलं असताना त्याला बदकांचं कौतुक सांगायला जाऊ नये. आणि ज्या उथळ पट्ट्यावर पाखरं उतरतात तो खरवडूनही काढू नये. दादा असते तर म्हणाले असते, आधी चेनेज लिहून आण, मग बोल.

सहलीच्या दिवशी आपल्या बरोबर जो गाईड होता, तो तिथल्याच गावचा पंचविशीतला मुलगा. त्याला पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं पाठ होती. दुर्बीण भाड्यानं देतो, हिवाळ्यातले चार महिने त्याच्या घरचं त्यावर चालतं, असं त्यानं सांगितलं. द्राक्षबाग आहे, पण भावाचा भरवसा नाही. जे तळं त्याच्या गावासाठी बांधलेलं नव्हतं ते अखेर कुणाच्या तरी पोटाला लागलं, याचं मला बरं वाटलं. जेवताना त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला इथली एवढी माहिती कशी?" मी म्हटलं, "माझे वडील इथं पाटकरी होते." तो हसला, "आमचे पणजोबा पाटकऱ्यांना लई शिव्या द्यायचे म्हणे." मीही हसलो. तो कुणाच्या घरचा हे मी विचारलं नाही.

पुढची सहल येत्या जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ठरली आहे. नावं ऑफिसात नोंदवावीत. पहाटे साडेपाचला गेटवर जमायचं, औरंगाबाद रोडनं चांदोरी आणि पूल ओलांडून सायखेडा. यंदा दुर्बिणी सहा आणायच्या ठरल्या आहेत. बी विंगमधल्या त्या मुलीनं पहिल्या बसमध्ये माझ्या शेजारी बसावं, तिचं अर्धं उत्तर वाटेतच पुरं करीन. चेहेडीच्या पुलावरून नदी दिसते, तिथून सुरुवात करू, म्हणून बस आधी त्या बाजूला वळवून घ्यावी अशी सेक्रेटरींना विनंती आहे.